छप्पर नसलेली हेराल्ड, अडीच लाख रुपये आणि मोकळे रविवार

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या एका वस्तीवर दोन दारांची जुनी स्टँडर्ड हेराल्ड पडून आहे. छप्पर नाही, उजव्या अंगाला ठोकर बसून दार दबलंय, इंजिन जाम आहे, खालचा पत्रा गंजलाय. मालक पंचावन्न हजार मागतोय. घेणाऱ्या तरुणाकडे गाडीची किंमत धरून अडीच लाख रुपये आहेत. वेल्डिंग येत नाही, हातात फक्त रविवार आहेत. त्याला तिची उघडी स्पोर्ट्स कार करायची आहे, आणि कुणीतरी सुचवलंय की मारुती ओम्नीचं इंजिन टाक, भानगड मिटेल.

गाडी उभी राहील. अडीच लाखांतही उभी राहील, पण दोन दिवाळ्या जातील हे धरून चाला. ओम्नीचं इंजिन टाकू नका. उघडी ठेवायचा विचार सोडा, कारण खाली सांगतो. आणि घरी आणल्यावर ती सगळीच्या सगळी एकदम खोलू नका. माझं सगळं सांगणं या शेवटच्या वाक्याभोवतीच फिरणार आहे.

चौतीस वर्षं मी सोलापुरात गाड्यांचं काम करतोय. तीन हेराल्ड माझ्या हाताखालून गेल्या. दोन आजही चालतात. तिसरीच्या मालकाने एका मे महिन्यात सुट्टी काढून उत्साहाच्या भरात ती नटबोल्टापर्यंत सुटी केली. बोल्ट दुधाच्या पिशव्यांत भरले, पिशव्यांवर नावं घातली नाहीत. पावसाळ्यात शेडमध्ये पाणी आलं. दसऱ्यापर्यंत कुठला वॉशर कुठला हे त्यालाही सांगता येईना. पुढच्या वर्षी त्याची बदली झाली आणि गाडी तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. ती गाडी तुमच्या गाडीपेक्षा कितीतरी चांगल्या अवस्थेत होती. मला अजून त्याची हळहळ वाटते.

हेराल्डच्या बाबतीत हा मोह जास्त होतो, कारण ती सुटते फार सहज. त्यामागे इतिहास आहे. इंग्लंडमध्ये स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी करून देणारा फिशर अँड लडलो हा कारखाना १९५३ मध्ये बीएमसीने, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन या त्यांच्या प्रतिस्पर्ध्यानेच, विकत घेतला. एकसंध बॉडी करून देणारं हाताशी कुणी उरलं नाही. म्हणून १९५९ ला आलेल्या हेराल्डला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, दिली आणि बॉडी निरनिराळ्या ठिकाणी तयार होणाऱ्या भागांची, बोल्टने जोडायची केली. आकार इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीचा. आपल्याकडे १९६१ पासून ती मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सच्या कारखान्यात बनू लागली, ९४८ सीसीच्या इंजिनावर. दोन दारांची तुमची गाडी त्या पहिल्या काळातली. १९६८ ला मार्क थ्री आली ती चार दारांची. याच चासीची लांबी कमी करून ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर ही दोन माणसांची स्पोर्ट्स कार काढली. त्यामुळे तुम्ही हेराल्डला स्पोर्ट्स कार म्हणता त्यात वावगं काही नाही, रक्त एकच आहे.

तर पुढचं बॉनेट मडगार्डसकट एक अख्खा तुकडा, पुढे कलंडून उघडतं. बॉडीचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग, सीटखाली बोल्टने जोडलेले. दाराखालच्या बाहेरच्या पट्ट्या बोल्टच्या. आणि छप्परसुद्धा बोल्टचं! ही गोष्ट पुष्कळ गॅरेजवाल्यांनाही माहीत नसते. रचनेचा हा गुण तुमच्यासारख्या कमी पैशांच्या माणसाच्या कामी येतो. एक भाग काढा, नीट करा, जागेवर बसवा, मग दुसरा. पगार झाला की एक भाग. एकसंध बॉडीच्या गाडीला हे जमत नाही. तिथे एक कोपरा धरला की सगळं अंग उघडं पडतं.

आता गाडी बघायला जाल तेव्हा काय बघायचं ते सांगतो. सोलापूरची हवा कोरडी, पाऊस बेताचा, म्हणून आपल्याकडच्या गाड्या मुंबई-कोकणातल्या गाड्यांसारख्या वरून कुजत नाहीत. त्या खालून आणि आतून जातात. शेतातल्या शेडमध्ये उभी असलेली गाडी म्हणजे आयती कोठी. डिकीत आणि मागच्या सीटवर खताची पोती ठेवलेली मी स्वतः पाहिली आहेत. पोटॅश आणि युरिया जमिनीला चांगले, पत्र्याचे वैरी. पोतं फाटलेलं असेल तर खत ओल धरतं आणि वर्षानुवर्षं पत्रा खात राहतं. म्हणून डिकीचा तळ आणि त्याखाली चासीचे बाहेर आलेले हात आधी बघा. सोबत जाड स्क्रू ड्रायव्हर, बॅटरी, एक लहान लोहचुंबक आणि अंगावर जुने कपडे असू द्या. गाडीखाली झोपावं लागेल. वर उभं राहून हेराल्ड कळत नाही.

चासीचे मधले दोन जाड बॉक्स, जे गाडीच्या कण्यासारखे लांब जातात, ते ठोकून बघा. खणखणीत आवाज हवा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिथे घुसलं तर नमस्कार करून परत या, किंमत कितीही उतरली तरी. विशेषतः मागचा डिफरन्शिअल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, जिथे चासीला बसतो त्या आजूबाजूला. बाजूचे हात आणि कडेच्या पट्ट्या गंजलेल्या निघणारच, त्यांना घाबरू नका, त्या बदलता येतात. मग दारं बंद करून फट बघा. दाराची फट वर कमी आणि खाली जास्त असेल तर चासी मधून बसली आहे. तुमच्या गाडीचं उजवं दार दबलेलं आहे, म्हणून डाव्या दारावर जास्त विश्वास ठेवा. लोहचुंबक कुठे चिकटत नसेल तर तिथे पुट्टी थापलेली आहे.

आणि समोरच्या काचेच्या चौकटीची वरची पट्टी नीट पाहा. छप्पर ग्राइंडरने कापलं असेल तर कापल्याची कड दिसेल. बोल्ट काढून उतरवलं असेल तर भोकं साबूत असतील. भोकं साबूत असली तर तुमचं निम्मं टेन्शन गेलं असं समजा.

छपराचा आग्रह मी का धरतोय? नोंदणीच्या कागदावर ती बंद छपराची गाडी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ रचना बदलता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. रस्त्यावर उघड्या फिरणाऱ्या बऱ्याच हेराल्ड नंतर कुणीतरी उघड्या केलेल्या आहेत. आरटीओमध्ये फिटनेसला उभी केली की तिथे अडकणार. मूळ रूपात असली तर मात्र तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, नेहमीप्रमाणे पाच पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. दुसरी, २०२१ साली आलेल्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांची. त्यात पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपातली, फारसे फेरफार न केलेली गाडी बसते. आधीचा नंबर असेल तर तो ठेवता येतो. नव्याने नोंदवायची झाली तर २०,००० रुपये भरून दहा वर्षांसाठी नोंद मिळते आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. पण व्हिंटेज गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. तुम्हाला रविवारी आईवडिलांना घेऊन अक्कलकोटला किंवा पंढरपूरला जायचं असेल तर पहिली वाट बरी.

कागदांचं काम गाडी उचलण्याआधी. मालक म्हणून जो पैसे मागतोय त्याचं नाव आरसीवर आहे का? अशा गाड्या बहुतेक आजोबांच्या नावावर असतात आणि आजोबा वारलेले असतात. तसं असेल तर आधी वारसाने नमुना ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करायची, मग नमुना २९ आणि ३० वर तुमच्या नावावर. तीन भाऊ असतील तर तिघांचीही संमती घ्या. गावाकडे व्यवहार तोंडी होतो आणि गाडी चमकायला लागली की चौथा चुलतभाऊ उगवतो. बल्कहेडवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधल्या पत्र्यावर, रिव्हेट मारलेली नंबरची पट्टी आहे का, तिच्यावरचा आकडा आरसीशी जुळतो का, ते बघा. त्या पट्टीचे फोटो काढा, आणि रंगकाम करताना ती कुणालाही काढू देऊ नका. कागद नसतील तर मी म्हणेन की गाडी घेऊ नका.

किंमत चाळीसपर्यंत यायला हवी. छप्पर नाही आणि इंजिन जाम आहे, तुमच्या बाजूने बोलायला पुष्कळ आहे.

आणताना दोरीने ओढून आणू नका. रिकव्हरीवाल्याची सपाट गाडी बोलवा. हेराल्डचं वजन साधारण ८०० किलो, चार माणसं ढकलून वर चढवतात. ओढू नका म्हणतोय त्याचं कारण पुढच्या चाकांत आहे, आणि या गाडीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

हेराल्डचं पुढचं चाक एका उभ्या पोलादी दांड्यावर फिरतं. त्या दांड्याच्या खालच्या टोकाला आटे आहेत आणि ते पितळी रंगाच्या एका ओतीव तुकड्यात बसतात. त्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांत फिरतो, गाडीचा सगळा पुढचा भार अंगावर घेऊन. कंपनीने तिथे गिअर ऑइल घालायला सांगितलं होतं, ईपी ९०. आपल्याकडे मात्र पिढ्यानपिढ्या मेकॅनिकांनी तिथे ग्रीस भरलं, कारण ग्रीसगन हातात असते आणि भोकही तसंच दिसतं. मीही सुरुवातीला तेच केलं, उस्तादाने शिकवलं तसं. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही. ते वाळतं, वरून पाणी शिरतं, पोलाद गंजतं, आणि दांड्याच्या मानेला न दिसणारी चीर पडते. मग एक दिवस गाडी हळू असताना, पूर्ण स्टिअरिंग वळवलेलं असताना, दांडा तुटतो आणि चाक आडवं होऊन मडगार्डखाली जातं. माझ्यासमोर हे सात रस्त्याच्या चौकात घडलं. गाडीचा वेग पायी चालणाऱ्याइतका होता म्हणून कुणाला काही झालं नाही. तीच गाडी तासाभरापूर्वी पुणे हायवेवरून आली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तिथे ग्रीस मीच भरलेलं होतं.

म्हणून तुमच्या गाडीचे दोन्ही दांडे आणि दोन्ही ट्रनियन बदलायचे. चांगले दिसत असले तरी. इथे टर्नरकडून बनवून घेऊ नका, कुणी कितीही कौशल्याची हमी दिली तरी. हे भाग इंग्लंडमध्ये ट्रायम्फचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे आजही नवे मिळतात, कारण स्पिटफायरलाही याच घराण्याचे भाग लागतात आणि तिथे त्या हजारोंनी जपलेल्या आहेत. मागवायच्या आधी जुना भाग समोर ठेवून माप आणि आकार जुळवा. कस्टमची ड्यूटी आणि कुरिअर धरून पैसे बाजूला काढा. तुमच्या अडीच लाखांतली परदेशी खरेदी बहुतेक एवढीच. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलटसुलट असतात, तेव्हा मिसळू नका. बसवताना ट्रनियन शेवटपर्यंत आवळून ठेवायचा नाही. पूर्ण आत फिरवून मग थोडा मागे सोडायचा, म्हणजे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळलं तरी आटे तळाला टेकत नाहीत. वर्षातून दोनदा तेल, एकदा संक्रांतीला आणि एकदा पाऊस संपल्यावर. माझ्या गिऱ्हाइकांना मी संक्रांतीच्या वेळची गड्ड्याची यात्रा लागली की फोन करतो.

बाकीच्या बुशांसाठी, म्हणजे सांध्यांत बसणाऱ्या नळीसारख्या तुकड्यांसाठी, मात्र सोलापूरइतकं सोयीचं गाव नाही. इथे यंत्रमागांची वस्ती आहे. मागाचे भाग घासतात, तुटतात, आणि ते करून देणारे टर्नर अक्कलकोट रोडकडे गल्लोगल्ली आहेत. ज्याने तीस वर्षं मागाचे बुश काढलेत त्याला हेराल्डच्या पाट्याचा (मागच्या चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगचा) बुश म्हणजे दुपारच्या चहाआधीचं काम. जुना बुश आणि ज्यात तो बसतो तो भाग, दोन्ही घेऊन जा. नुसतं माप सांगू नका. माझे एक पद्मशाली टर्नर होते, ते भाग हातात घेऊन अंगठ्याने आतून फिरवायचे आणि म्हणायचे, "पितळ नको मालक, गनमेटल आणा. एकदाच करू." त्यांचं ऐकून मी कधी पस्तावलो नाही.

आता चासीचं काम. वेल्डिंग तुम्हाला येत नाही म्हणता, शिकायचंही नाही. निदान या गाडीवर नाही. पण वेल्डर येण्याआधीचं आणि नंतरचं सगळं काम तुमचं, आणि मजुरीचा मोठा हिस्सा तिथेच वाचतो. चिखल काढणं, वायर ब्रशने गंज सोडवणं, कुजलेला भाग खडूने आखणं, फोटो काढणं. छप्पर नसलेल्या गाडीला एक काळजी जास्त घ्यावी लागते. काहीही कापायच्या आधी दोन्ही दारांच्या चौकटीत लोखंडी अँगलचा आडवा टेकू टॅक करून, म्हणजे ठिपक्याठिपक्याने तात्पुरता वेल्ड करून, घ्या. सपाट फरशीवर, चारही बाजूंनी सारख्या उंचीच्या लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) गाडी ठेवा. चाकांवर उभी असताना चासी कापली की ती थोडी बसते, आणि तशीच वेल्ड झाली की आयुष्यभर दार लागत नाही. दोन्ही कर्ण टेपने मोजून लिहून ठेवा आणि प्रत्येक वेल्डनंतर पुन्हा मोजा. एका वेळी एकच हात कापायचा, तो जोडून झाला की समोरच्या बाजूचा. चासीला १६ गेजचा पत्रा आणि मिग वेल्डिंग. गंजावर पट्टी ठोकून वेल्ड मारणारा वेल्डर स्वस्त पडतो, पण त्या पट्टीखाली गंज चालूच राहतो. कुजलेलं पूर्ण कापून निरोगी पत्र्याला जोडणारा माणूस शोधा. बॉक्सच्या आतून, टोकाला नळी लावून, वापरलेलं नव्हे, नवं इंजिन ऑइल आणि मेण यांचं पातळ मिश्रण फवारा. हे मी दर दोन वर्षांनी करतो.

ब्रेकबद्दल थोडक्यात, कारण इथे विचार करण्यासारखं काही नाही, सगळं नवं घालायचं. चारही चाकांना ड्रम आहेत आणि तेलाची वाट एकच, म्हणजे एक होज फुटला की चारही ब्रेक गेले. होज, पाइप, सगळे रबरी कप नवे. मास्टर सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतली पोकळी, खड्ड्यांनी भरला असेल तर टर्नरकडून स्टीलची स्लीव्ह घालून घ्या. शूजना लायनर चढवून देणारे आपल्याकडे ट्रकच्या धंद्यामुळे भरपूर आहेत. जुन्या लायनरची धूळ हवेने उडवू नका, पाण्याने धुवा. त्यात ॲस्बेस्टॉस असतं. टायर १३ इंची. जुन्या वॅगन आरला येणारं १४५/८० आर १३ हे माप चालतं. सेकंडहँड टायर घेऊ नका.

मागे चाकं एका आडव्या पाट्यावर झुलतात. पाटा बसला असेल तर मागची चाकं वरून आत झुकलेली दिसतात. पाटेवाल्याकडून कमान करून घ्या. एक गोष्ट चालवताना लक्षात असू द्या. ही गाडी वळणावर वेगात असेल आणि तुम्ही घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडलात, तर बाहेरचं मागचं चाक आत मुडपतं आणि शेपूट निसटतं. वळणाआधी वेग कमी करा, वळणात पाय हलका पण स्थिर. जागच्या जागी मात्र ती रिक्षासारखी वळते, २५ फुटांत. नव्या पेठेतल्या गर्दीत तुम्हाला तिचा अभिमान वाटेल.

इंजिन. जाम आहे म्हणून मालक किंमत पाडायला तयार होईल, आणि बहुतेक वेळा जाम इंजिन सुटतं. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटो गिअरचं पातळ तेल अर्धं अर्धं मिसळून घाला, आणि आठ दिवस विसरून जा. पुन्हा घाला. मग टॉप गिअरमध्ये टाकून गाडी हाताने पुढे-मागे हलवा, जोर न लावता. स्टार्टर मारायचा नाही, कुणी ट्रॅक्टरने ओढू म्हणालं तर हात जोडा. रिंग तुटते ती तिथे. सुटलं की लगेच एक तपासणी करा. दुसऱ्या माणसाला क्लच दाबायला सांगा आणि क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, पुली पुढे-मागे सरकते का ते डायल गेजने मोजा. ०.१ ते ०.२ मिलिमीटर ठीक. डोळ्याला दिसेल इतकी सरकली तर क्रँकचे थ्रस्ट वॉशर झिजलेत. ते दोन अर्धगोल तुकडे या इंजिनाचा कच्चा दुवा आहेत. झिजून खाली ऑइल चेंबरमध्ये पडले की क्रँक ब्लॉकलाच खातो, आणि मग ब्लॉकच जातो. वेळीच कळलं तर खर्च अगदी किरकोळ.

हेड उतरवाल तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हना कडक पोलादाच्या सीट बसवून घ्या. हे इंजिन शिसं असलेल्या पेट्रोलसाठी बनलं होतं. ते शिसं व्हॉल्व्हच्या सीटवर थर धरून तिला वाचवायचं. आपल्याकडे २००० सालापासून तसं पेट्रोल मिळत नाही. दुसरी अडचण नवी आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असलं तरी जुन्या रबराला ते मानवत नाही. पेट्रोलची नळी, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरच्या बुचाच्या पॅकिंगा फुगतात, चिरतात. गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे आग. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घाला, टाकी आतून साफ करा, आणि गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकीतलं पेट्रोल काढून ठेवा, कारण इथेनॉल ओल ओढतं. एक लहान आग विझवण्याचा सिलिंडर सीटखाली कायम.

ओम्नीचं इंजिन बसतं, मी बसलेलं पाहिलंय. ते गाडीच्या लांबीत बसणारं, मागची चाकं फिरवणारं इंजिन आहे, म्हणून लोकांना सोपं वाटतं. पण त्यासाठी माउंट बदला, प्रोपेलर शाफ्ट बदला, रेडिएटर सरकवा, आणि एवढं करून आरसीवरचा इंजिन नंबर जुळत नाही. गाडी मूळ रूपातली राहत नाही, म्हणजे व्हिंटेजची वाट बंद. ९४८ सीसीचं हे इंजिन इतकं साधं आहे की ज्याने ट्रॅक्टर उघडलाय तो ते उघडू शकतो. बोअर मारायचा झाला आणि ओव्हरसाइज पिस्टन नाही मिळाला, तर सिलिंडरमध्ये लायनर, म्हणजे नवी नळी, घालून मापावर आणता येतं, आपल्या बोअरिंगवाल्यांना ते रोजचं आहे.

वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असणार. नवीन करून घ्या, आणि फ्यूज बॉक्स घाला, मूळ गाडीत फ्यूज जवळजवळ नाहीतच. बॅटरी जोडण्याआधी अर्थ कुठला आहे, म्हणजे बॅटरीची कुठली बाजू बॉडीला जोडलेली आहे, ते तपासा. त्या काळच्या या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असायचा. पुढे कुणी बदललाही असेल. अंदाजाने जोडू नका.

रंग सगळ्यात शेवटी, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या वर्षी. लोक पहिला पैसा रंगाला घालतात, कारण शेजारी विचारतात. मग ब्रेकचं तेल त्या रंगावर सांडतं. तुम्ही गाडी रेड ऑक्साइडमध्ये सहा महिने चालवा. कुठे काय वाजतं, कुठे गळतं, ते कळू द्या. रंग मारायचा तर डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी. आपल्या मे महिन्यात थिनर हवेतच उडतो आणि रंग पत्र्यावर कोरडा, दाणेदार बसतो. पावसाळ्यात ओल धरून पांढुरका पडतो. दबलेलं दार मात्र डेंटरकडे आधीच द्या, आणि पुट्टीने भरून घेऊ नका. जुना पत्रा जाड आहे, ठोकून येतो. हातोडी आणि ऐरणीवर काम करणारा म्हातारा डेंटर अजून मिळतो, तोवर त्याच्याकडून करून घ्या.

पैशांची वाटणी मी अशी करेन. गाडी चाळीस हजार, आणायला सात, कागदांना पंधरा. चासी आणि तळाच्या पत्र्याला पन्नास. ब्रेक, ट्रनियन, पाटा, टायर मिळून पन्नास. इंजिनाला चाळीस, वायरिंग आणि बॅटरीला तेरा, रंग आणि सीटला वीस. पंधरा हजार हात न लावता बाजूला. इंजिनात काही मोठं निघालं तर रंगाचे वीस तिकडे वळवा, पण ब्रेकच्या पैशांना कधीच हात घालू नका.

आणि खोलण्याचा क्रम. पहिले दोन रविवार नुसते फोटो आणि धुणं. मग पुढचं डावं चाक खोला, पूर्ण करा, बसवा. मग उजवं. मग मागचं. गाडी कायम चार चाकांवर ढकलता आली पाहिजे, हा माझा नियम आहे. ढकलता येणारी गाडी कुणी भंगारात घालत नाही. शेजाऱ्याला वाट हवी असली, घर बदलायचं झालं, तरी ती तुमच्याबरोबर जाते. प्रत्येक बोल्ट ज्या भोकातून काढला त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवा. ते जमत नसेल तर पिशवीत, आणि पिशवीत कागदाची चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेली. पेनाची शाई तेलाने जाते.

राहिलं छप्पर. मी वर जी तिसरी हेराल्ड सांगितली, तिचं सगळं विकलं गेलं, छपराला मात्र गिऱ्हाईक मिळालं नाही. ते अजून माझ्या शेडमध्ये आढ्याला टांगलेलं आहे, दोन दारांचंच, मागच्या काचेसकट. या रविवारी गाडी बघायला जाल तेव्हा काचेच्या वरच्या पट्टीवरच्या भोकांमधलं अंतर आणि मागच्या बाजूची भोकं टेपने मोजा, फोटो काढा आणि घेऊन या. जुळलं तर छप्पर घेऊन जा, पैसे नकोत. टेम्पो तेवढा तुमचा आणा, आणि बांधायला गोधड्या.